उपवासकाळातलं तीन दिवसांचं रिट्रीट, आणि "सैतानाने करवलं" या वाक्याचं काय झालं

यंदा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, वसईला एका साधना केंद्रात रिट्रीट (मौन-प्रार्थनेचं शिबिर) केलं, गुरुवार संध्याकाळ ते रविवार दुपार. आमच्या ग्रुपमधल्या दोघातिघांनी विचारलं कसं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. केंद्राचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली माझं घरचंही बरंच आलंय, ज्यांना जायचंय त्यांनी आपल्या पॅरिश (चर्चच्या) ऑफिसात विचारा, तिथे सांगतील.

आधी मागचं सांगतो, नाहीतर मला हे रिट्रीट एवढं का लागलं ते कळणार नाही. दीड वर्ष मी मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होतो. पतपेढीचं कर्ज काढलं तेही त्यातच गेलं, घरी कुणाला माहिती नव्हतं. मागच्या वर्षी दुसरीकडे एका मोठ्या शिबिराला गेलो होतो, हजारभर माणसं, स्टेजवर गाणी, रडारड, आणि तिथल्या प्रचारकाने डोक्यावर हात ठेवून सांगितलं की तुझ्यात जुगाराचा आत्मा शिरलाय, पूर्वजांचा शाप आहे, आता आम्ही तो बांधून टाकलाय. खरं सांगतो, त्या क्षणी इतकं हलकं वाटलं! म्हणजे मी नव्हतोच तो, दुसरंच कुणीतरी होतं. आणि आठ दिवसांनी परत रात्री दीड वाजता गॅलरीत बसून खेळत होतो. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, पैशांचे गेम बंद झाले, मला वाटलं सुटलो, तर मी मित्रांसोबत क्रिकेटवर पैसे लावायला लागलो. ॲप गेलं तरी हात थांबला नाही.

आता रिट्रीट. पोचल्यावर सिस्टरांनी सगळ्यांचे फोन घेतले, नावाची चिठ्ठी लावून कापडी पिशवीत घातले आणि स्टीलच्या कपाटाला कुलूप. तीन दिवस मौन, जेवतानासुद्धा. दिवसाला चार प्रवचनं, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मधे एकट्याने बसायचा वेळ, आणि एकदा फादरांशी एकेकट्याने बोलायचं.

पहिलं प्रवचन एदेन बागेवर होतं. देवाने मना केलेलं फळ सर्पाच्या नादाने आदाम आणि त्याची बायको खातात, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण फादरांनी फक्त एवढंच दाखवलं की देवाने विचारल्यावर आदाम काय म्हणतो. तो म्हणतो तू दिलेल्या बाईने मला दिलं, म्हणजे एका दमात बायकोवरही ढकललं आणि देवावरही. बाई म्हणते सर्पाने भुलवलं. देव दोघांचंही ऐकून घेतो, सर्पाला शिक्षा करतो, पण म्हणून या दोघांना सोडत नाही. फादर म्हणाले सर्प होताच, तो खोटा नाही, आपल्या श्रद्धेत सैतान आहे आणि त्याला हलक्यात घ्यायचं नाही, पण फळ त्याने तोंडात कोंबलं नव्हतं, हात बाईचा होता. मी मागच्या बाकावर होतो, मला घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय, येशूची अरण्यातली परीक्षा. चाळीस दिवस उपाशी माणसाला सैतान आधी काय दाखवतो, तर भाकर. भाकर वाईट नसते ना! मग मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगताना तो चक्क बायबलमधल्याच स्तोत्रातलं वचन म्हणतो. म्हणजे मोह येतो तो चांगल्या वस्तूचं किंवा देवाच्या शब्दांचं तोंड घेऊन येतो. माझा मोह "कर्ज फेडायचंय, एवढा एक डाव जिंकलो की झालं" या तोंडाने यायचा. आणि याकोबाच्या पत्रातलं ते, की देव कुणालाही मोहात पाडत नाही, माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो, मग वासना गर्भ धरते आणि पापाला जन्म देते, हे फादरांनी तीनदा वाचून घेतलं. प्रभूच्या प्रार्थनेतली "मोहात पडू देऊ नकोस" ही ओळ पण याच अंगाने समजावली. पोप फ्रान्सिस २०१७ मध्ये म्हणाले होते की देव मोहात नेतो असं वाटेल असा अनुवाद बरोबर नाही, आणि नंतर इटलीत मिस्सेमधली ती ओळ बदलली. मी रोज म्हणतो ती प्रार्थना, इतक्या वर्षांत कधी या शब्दावर थांबलो नव्हतो.

संत ऑगस्टीनच्या चोरीचं पण सांगितलं. सोळाव्या वर्षी पोरांबरोबर रात्री नासपती चोरल्या, भूक नव्हती, घरी त्याहून चांगल्या होत्या, बऱ्याचशा डुकरांना टाकल्या, नुसत्या चोरण्याच्या मजेसाठी. कित्येक वर्षांनी बिशप झाल्यावर त्यावर पानंच्या पानं लिहिली माणसाने. मला रमीतले पैसे खरंच हवे होते का, याचं उत्तर मी त्या दुपारी झाडाखाली बसून पहिल्यांदा स्वतःला दिलं.

एकेकट्याने बोलायची वेळ फक्त पंधरा मिनिटं मिळते. साठ माणसं आणि दोन फादर, हे कमीच आहे, तिसरे फादर हवेतच. पण माझी ती पंधरा मिनिटं सोन्याची. मी सुरुवातच केली की फादर, सैतान माझ्या मागे लागलाय. ते म्हणाले, "असेल. शेवटचं कधी खेळलास? किती वाजता? कुठे बसला होतास? फोन कुठून उचललास?" मी सांगत गेलो, बेडरूममधून, चार्जिंगवरून काढला, बायको झोपलीय ना ते बघितलं, गॅलरीचं दार ओढून घेतलं. ते म्हणाले, "बघ, दार कुणी ओढलं?"

मग त्यांनी पापाचं मोजमाप कसं करतात ते सांगितलं. गोष्ट गंभीर असावी लागते, ती चुकीची आहे हे पूर्ण माहीत असावं लागतं, आणि मनापासून संमती असावी लागते. सवय घट्ट बसली की संमती दुबळी होते, जबाबदारीही त्या मानाने कमी होऊ शकते, हे चर्च मानतं, म्हणून स्वतःला राक्षस समजू नकोस म्हणाले. पण दार ओढण्याआधीच्या एका मिनिटात तू मोकळा असतोस, ते मिनिट तुझं. सोबत समुपदेशकाकडे जायलाही सांगितलं, नुसत्या प्रार्थनेवर सोडलं नाही, हे मला फार आवडलं.

शेवटी संत इग्नासचा (जेज्वीट संघ स्थापन करणारे इग्नेशियस लोयोला) एक नियम सांगितला. शत्रू हा लबाड प्रियकरासारखा असतो, त्याला एकच भीती, की पोरगी घरी सांगेल. सांगितलं की त्याचा खेळ संपला. शनिवारी कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) झालं आणि मी सिस्टरांना फोन मागितला. नियमात बसत नव्हतं, त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कपाट उघडलं. बायकोला सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "उद्या घरी ये, जेव, मग कागद काढून बसू." रविवारी रात्री आम्ही कागद काढून बसलो. ती चिडलीय अजून, चिडणारच, पण हप्ते आता ती बघते आणि फोन रात्री हॉलमध्ये असतो.

बाकी सोयीचं बोलायचं तर खोल्या साध्या, दोघांत एक, पंखा चालतो. शुक्रवारी पेज, डाळ, वांग्याचं भरीत, रविवारी निघताना सुकेळी (सुकवलेली केळी) दिली, जेवण घरच्यासारखं. हॉलमध्ये उकडतं आणि माईक खरखरतो, मागे बसलात तर संध्याकाळचं प्रवचन अर्धं ऐकू येत नाही, पुढे बसा. शुक्रवार रात्रीचं नरकावरचं प्रवचन खूप लांबलं आणि त्यात नुसती भीतीच जास्त होती, बाकीच्या रिट्रीटच्या सुरात ते बसलं नाही. तीन दिवसांचे १५०० घेतात, ज्याला जमत नाही त्याला सिस्टर विचारतसुद्धा नाहीत.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. डास खूप आहेत, ओडोमॉस आणि चादर घरून न्या, आणि फादरांच्या भेटीचा नंबर पहिल्याच संध्याकाळी लावा, शनिवारी लावलात तर मिळत नाही.