सक्तीचं सबस्क्रिप्शन उठल्यावर: फुकट खेळायचं, एकदाच विकत घ्यायचं की दरमहा भरायचं?

ऑनलाइन गेमने सक्तीचं मासिक सबस्क्रिप्शन काढलं की आधी जिथे एकच दार होतं, तिथे तीन होतात. फुकट खेळा, गेम आणि त्याचे एक्सपान्शन (नंतर येणारे मोठे नवे भाग) एकदाच विकत घ्या, किंवा पूर्वीइतकेच पैसे दरमहा भरा, पण आता स्वखुशीने. निवडताना बहुतेक जण पैसे भरल्यावर काय मिळतं याची यादी वाचतात. ती यादी कंपनीने विकण्यासाठीच लिहिलेली असते. निर्णयासाठी जास्त उपयोगी प्रश्न दुसराच आहे: पैसे भरणं थांबवलं, त्या दिवशी हातात काय उरतं? एकाच किमतीची दोन सबस्क्रिप्शनं या एका कसोटीवर पूर्ण वेगळी निघतात.

डंजन्स अँड ड्रॅगन्स ऑनलाइनने २००९ मध्ये आणि लॉर्ड ऑफ द रिंग्स ऑनलाइनने २०१० मध्ये सक्ती काढली. स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर २०११ मध्ये सुरू झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये फ्री-टू-प्ले, म्हणजे फुकट खेळता येणारा, झाला. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन ४ एप्रिल २०१४ ला आला आणि १७ मार्च २०१५ ला त्याची सक्ती गेली, म्हणजे वर्षही पुरं झालं नव्हतं. ईव्ह ऑनलाइनने तब्बल १३ वर्षं सबस्क्रिप्शनवर काढली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये फुकट अकाउंट दिलं. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी १४ मात्र आजही पूर्ण गेमसाठी दरमहा पैसे घेतात.

दारावरचं तिकीट गेलं तरी सर्व्हरचा आणि नव्या मजकुराचा खर्च राहतोच. त्यामुळे वसुली आत सरकते: बॅगेतली जागा, जवळ बाळगता येणारं चलन, लेव्हलची मर्यादा, कौशल्य शिकण्याचा वेग, दुकानातले पोशाख. यातलं नेमकं काय अडवलंय ते गेमगणिक बदलतं.

एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन: अडवलेली गोष्ट म्हणजे जागा

इथे मूळ गेम एकदा विकत घ्यावा लागतो. त्यानंतर लेव्हलची अट नाही, चलनाची मर्यादा नाही, गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघात, जायला आडकाठी नाही. ऐच्छिक सबस्क्रिप्शनचं नाव ईएसओ प्लस. अमेरिकेतला एका महिन्याचा दर १४.९९ डॉलर, म्हणजे सक्तीच्या काळात होता तेवढाच. वर्षभर महिन्यामहिन्याने भरलं तर १७९.८८ डॉलर होतात.

त्या बदल्यात चार ठळक गोष्टी मिळतात. प्रसिद्ध झालेले बहुतेक डीएलसी, म्हणजे वेगळे विकले जाणारे जादा भाग, खेळता येतात. दरमहा १६५० क्राउन, म्हणजे दुकानात चालणारं चलन, जमा होतं. बँकेची जागा आणि घरातल्या सामानाची मर्यादा दुप्पट होते. चौथी गोष्ट क्राफ्ट बॅग, आणि प्लस घेण्याचं खरं कारण बहुतेकांसाठी हीच असते. या गेममध्ये खनिजं, लाकूड, कापड, रून, स्वयंपाकाचे जिन्नस, शैलीचे दगड असं शेकडो प्रकारचं साहित्य गोळा होतं. क्राफ्ट बॅग असेल तर ते सगळं आपोआप अमर्याद थैलीत जातं. नसेल तर प्रत्येक प्रकार बॅगेतली एक जागा अडवतो.

प्लसशिवाय जागा किती मिळते? बॅग ६० जागांची असते. गोल्ड देऊन ती १४० पर्यंत वाढते आणि अस्तबलात २५० गोल्डचा एक असे धडे घेऊन वाहनाची क्षमता आणखी ६० ने वाढवता येते. बँक २४० पर्यंत जाते, प्लसमध्ये ४८०. गोष्टी ऐकायच्या, प्रदेश फिरायचे आणि सापडलेली शस्त्रं विकून टाकायची अशा खेळाडूला २०० जागा पुरतात. क्राफ्टिंग (साहित्यातून वस्तू बनवणं) गंभीरपणे करणाऱ्याला त्या पुरत नाहीत. संध्याकाळचा बराच वेळ काय ठेवू आणि काय टाकू यातच जातो.

आता थांबल्यावर काय होतं ते पाहू. कॅरेक्टर, गोल्ड, जमलेले क्राउन, क्राउन देऊन घेतलेले डीएलसी: सगळं तुमचंच राहतं. प्लसमुळे उघडलेले डीएलसी बंद होतात. क्राफ्ट बॅगेतलं साहित्य जप्त होत नाही. ते काढून वापरता येतं, फक्त नव्याने भरता येत नाही. बँकेत मर्यादेपेक्षा जास्त वस्तू असतील तर त्याही राहतात, पण जागा मोकळी होईपर्यंत नवीन काही ठेवता येत नाही. मोठ्या घरात मांडलेलं सामानही जागेवर राहतं.

यातून एक चांगली पद्धत निघते. चार-पाच महिन्यांतून एक महिना प्लस घ्यायचा, त्या महिन्यात साहित्य भरभरून गोळा करायचं, मुदत संपण्याआधी बँकेत आणि कॅरेक्टरांच्या बॅगांत पडलेलं सगळं साहित्य क्राफ्ट बॅगेत ढकलायचं आणि पुढचे महिने त्यातून काढत राहायचं. मिळालेले क्राउन पोशाखावर न उडवता डीएलसीवर लावावेत. डंजनच्या (गटाने उतरायच्या बंदिस्त लढाईच्या जागांच्या) जोडीचा डीएलसी साधारण १५०० क्राउनचा असतो, म्हणजे एका महिन्याच्या क्राउनमध्ये एक पॅक कायमचा तुमचा होतो. शिवाय दुकानात सुटे १५०० क्राउन १४.९९ डॉलरलाच आहेत आणि प्लसमध्ये त्याच पैशात १६५० मिळतात. सवलत चालू नसताना सुटे क्राउन घेण्याला अर्थ नाही.

फसगत दोन ठिकाणी होते. २०१७ ते २०२४ दरम्यान दरवर्षी येणारा मोठा चॅप्टर नवा असताना प्लसमध्ये नसे, तो वेगळा विकत घ्यावा लागे. 'प्लस आहे म्हणजे सगळं आहे' असं धरून बसलेले खेळाडू तिथे अडकत. विक्रीची रचना त्यानंतर बदलली आहे, म्हणून पैसे भरण्याआधी सर्वांत नवा भाग प्लसमध्ये येतो का, ते खरेदीच्या पानावर वाचून घ्या. दुसरी गोष्ट कन्सोलची: तिथे ऑनलाइन खेळण्यासाठी कन्सोलचंच सशुल्क सदस्यत्व लागतं. गेमची सक्ती गेली तरी तो हप्ता चालूच राहतो.

द ओल्ड रिपब्लिक: एका महिन्यात काम भागतं

सक्ती काढल्यावर या गेमने फुकट खेळणाऱ्याला इतकं जखडलं की सुरुवातीला क्विकबारसुद्धा (कौशल्यांच्या बटणांच्या पट्ट्या) मोजून दिले होते. टीका झाल्यावर ते वाढवावे लागले. आजची स्थिती बरीच मोकळी आहे. लेव्हल ६० पर्यंतच्या कथा, म्हणजे आठही क्लासच्या (पात्रप्रकारांच्या) मूळ कहाण्या आणि त्यानंतरचे दोन एक्सपान्शन, फुकट आहेत. कथेसाठी खेळणाऱ्याने इथे पहिल्या दिवशी एक पैसाही भरू नये.

एकदा महिनाभर सबस्क्रिप्शन घेतलं की तोवर प्रसिद्ध झालेले सगळे एक्सपान्शन आणि लेव्हल ८० ची मर्यादा अकाउंटला मिळते आणि सबस्क्रिप्शन संपलं तरी ती परत घेतली जात नाही. तुमचं अकाउंट त्यानंतर 'प्रिफर्ड', म्हणजे पूर्वी पैसे भरलेलं, गणलं जातं. म्हणून क्रम असा ठेवावा: लेव्हल ६० पर्यंत फुकट, तिथे भिंत लागली की एक महिना, मग बंद. नवा एक्सपान्शन आला तरच पुन्हा एक महिना.

थांबल्यावर टोचतं ते क्रेडिटचं, म्हणजे गेममधल्या चलनाचं. फुकट आणि प्रिफर्ड खेळाडूला १० लाख क्रेडिटच जवळ ठेवता येतात. त्यावरचे एस्क्रोमध्ये जातात: दिसतात, पण खर्च करता येत नाहीत. सबस्क्रिप्शन संपण्याआधी, हवी असलेली महागडी वस्तू त्या क्रेडिटमधून घेऊन ठेवावी. गॅलॅक्टिक ट्रेड नेटवर्कवर, म्हणजे खेळाडूंच्या बाजारात, मोठे व्यवहार करायचे असतील किंवा गटासोबत नियमित ऑपरेशन्स (मोठ्या गटाच्या लढाया) खेळायचे असतील, तर मात्र सबस्क्रिप्शन कायम ठेवावं लागतं.

ईव्ह ऑनलाइन: इथे वेळ विकला जातो

फुकट अकाउंटला अल्फा म्हणतात, पैसे भरलेल्याला ओमेगा. कौशल्यं घड्याळाप्रमाणे शिकली जातात, तुम्ही लॉगिन नसतानाही. अल्फाचा वेग ओमेगाच्या निम्मा, आणि एकूण ५० लाख स्किल पॉइंट झाले की ते नेहमीचं शिक्षण थांबतं. ओमेगाचा महिन्याचा दर मे २०२२ मध्ये १४.९५ वरून १९.९९ डॉलर झाला. सक्ती उठणं म्हणजे स्वस्ताई नव्हे, याचं हे ठळक उदाहरण.

थांबल्यावर शिकलेले पॉइंट पुसले जात नाहीत, पण अल्फाच्या यादीबाहेरची कौशल्यं निजतात. हँगरमध्ये जहाज असतं आणि ते उडवता येत नाही. शिवाय ५० लाखांच्या पुढे गेलेल्या कॅरेक्टरचं शिक्षण ठप्प होतं, म्हणजे न भरलेल्या महिन्यातलं शिक्षण नंतर भरून निघत नाही. म्हणून ईव्हमध्ये मधूनच एखादा महिना ही पद्धत चालत नाही. अल्फावर छोट्या जहाजांत लढाई, व्यापार, कॉर्पोरेशनचं, म्हणजे खेळाडूंच्या संघातलं, जगणं पारखावं. आवडलं तर सलग सहा महिने द्यायची तयारी ठेवून ओमेगा घ्यावं. आयएसके या गेममधल्या चलनाने ५०० प्लेक्स (ओमेगासाठी मोजता येणारी, खेळाडूंत विकली जाणारी वस्तू) विकत घेऊन ३० दिवसांचा ओमेगा मिळवता येतो, पण तेवढे आयएसके मिळवणं नवख्यासाठी नोकरीच होऊन बसते. दोन अल्फा अकाउंट एकाच वेळी चालवायला परवानगी नाही हेही ध्यानात असू द्या.

सक्ती न काढलेले दोघे

तुलना यांच्याशी केल्याशिवाय पूर्ण होत नाही. फायनल फँटसी १४ चा फुकट ट्रायल लेव्हल ७० पर्यंत जातो, त्यात मूळ गेम आणि दोन एक्सपान्शन येतात आणि मुदत नाही. शेकडो तासांचा मजकूर फुकट देणारा हा 'सबस्क्रिप्शनवाला' गेम अनेक फ्री-टू-प्ले गेमपेक्षा उदार आहे. बंधनं अशी: ३ लाख गिलची (गेममधल्या चलनाची) मर्यादा, मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) नाही, रिटेनर (सामान सांभाळणारा नोकर) नाही, फ्री कंपनीत (खेळाडूंच्या संघात) जाता येत नाही.

धोका दुसरीकडे आहे. त्या अकाउंटवर पूर्ण गेम घेतला की ट्रायल कायमचा संपतो. मग सबस्क्रिप्शन थांबलं की लॉगिनच होत नाही, पहिल्या लेव्हललासुद्धा. स्टार्टर एडिशन, म्हणजे पूर्ण गेमची सुरुवातीची आवृत्ती, सेलमध्ये दिसली म्हणून घेणारे हमखास इथे सापडतात. तिच्यातला मजकूर ट्रायलमध्ये आधीच आहे, मिळतात ते फक्त ३० दिवस. ट्रायल पूर्ण खेळून झाल्याशिवाय ती घेऊच नका. आणि गेममध्ये घर घेतलं असेल तर नेहमीच्या नियमाने ४५ दिवस घरात पाऊल न टाकल्यास ते पाडलं जातं. घर असलेल्याला सबस्क्रिप्शन सोडणं जड जातं ते यामुळे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये लेव्हल २० पर्यंत फुकट आहे. सबस्क्रिप्शन संपलं की त्यावरची कॅरेक्टर कुलूपबंद होतात. गोल्डने टोकन घेऊन ३० दिवस मिळवण्याची सोय २०१५ पासून आहे.

ज्याला मासिक हप्ता नकोच आहे त्याने गिल्ड वॉर्स २ पाहावा. २०१२ पासून तिथे सबस्क्रिप्शन कधी नव्हतंच, मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे आणि एक एक्सपान्शन घेतला की फुकट अकाउंटची बंधनं सुटतात. थांबलात तर काहीही हरवत नाही.

मग कोणी काय घ्यावं

आठवड्याला तीन-चार तास मिळत असतील तर मासिक हप्ता कुठेच परवडत नाही. द ओल्ड रिपब्लिक फुकट किंवा गिल्ड वॉर्स २. एकट्याने गोष्टी आणि प्रदेश पाहायचे असतील तर एल्डर स्क्रोल्सचा मूळ गेम, तोही सेलमध्ये. क्राफ्टिंग आणि घर सजवणं हाच आनंद असेल तर प्लस घ्या आणि बिनधास्त चालू ठेवा, तिथे ते पैसे खऱ्या अर्थाने कामी येतात. ठरलेल्या वारी रेड (मोठ्या गटाची लढाई) खेळणारा गिल्ड हाताशी असेल तर गिल्ड जिथे आहे तिथलं सबस्क्रिप्शन भरा. स्वस्त गेम शोधून एकटं पडण्यापेक्षा ते बरं.

वार्षिक हप्त्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: सक्ती नुकतीच काढलेल्या गेममध्ये पहिल्या सहा महिन्यांत तो घेऊ नये. सक्ती काढल्याने गेम वाचतोच असं नाही. वाइल्डस्टार जून २०१४ मध्ये आला, सप्टेंबर २०१५ मध्ये फ्री-टू-प्ले झाला, नोव्हेंबर २०१८ मध्ये बंद पडला. सिटी ऑफ हीरोज सप्टेंबर २०११ मध्ये फुकट झाला आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्व्हर बंद झाले. याच्या उलट एल्डर स्क्रोल्स सक्ती गेल्यावरच वाढला. नवे प्रदेश ठरल्या वेळी येत आहेत का आणि गर्दीच्या वेळी डंजनच्या रांगेत नंबर किती मिनिटांत लागतो, हे दोन महिने पाहिलं की गेम कोणत्या वाटेला आहे ते कळतं.

पैसे भरताना क्रम असा ठेवा. आधी फुकट किंवा मूळ अकाउंटवर एक कॅरेक्टर त्या भिंतीपर्यंत न्या, बॅग, लेव्हल किंवा चलन, जी काय असेल ती. भिंत खरंच त्रास देत असेल तरच एक महिना घ्या. घेतल्याबरोबर अकाउंटच्या पानावर जाऊन ऑटो-रिन्यू बंद करा, भरलेली मुदत सहसा तशीच चालू राहते. गेम स्टीमवरून घेतला असेल तर एक्सपान्शनही तिथूनच घ्यावे लागतील का ते पाहा. फायनल फँटसी १४ मध्ये तशी सक्ती आहे आणि दुसरीकडून घेतलेला कोड त्या अकाउंटला लागत नाही. मुदत संपायच्या तीन दिवस आधी एक बैठक राखून ठेवा: साहित्य क्राफ्ट बॅगेत, जादा क्रेडिट खर्च, ईव्हमध्ये कॅरेक्टर फुकट अकाउंटला न चालणारं जहाज सोडून चालणाऱ्या जहाजात, आणि दुकानाचं चलन कायम टिकणाऱ्या वस्तूवर.