कमी धावलेली एफ-४० घ्यावी की वापरातली?
सांगलीत हळदीचा व्यापार आणि दुबईत दुसरा व्यवसाय असलेल्या एका स्नेह्यांना तिकडे दोन फेरारी एफ-४० दाखवण्यात आल्या आहेत : एक जेमतेम तीन हजार किलोमीटर धावलेली, दुसरी चाळीस हजारांच्या आसपास. १९८७ ते १९९२ या काळात ही गाडी सुमारे १,३०० इतकीच बनली, त्यामुळे दुर्मीळपणात दोन्ही सारख्याच आहेत.

पहिली बरीच महाग आहे. मात्र तो जादा पैसा मीटरवरच्या आकड्याचा असल्याने प्रत्येक फेरफटक्यागणिक कमी होणार.

खरा फरक देखभालीत आहे. उभी गाडी झिजत नाही, हा समज चुकीचा आहे. एफ-४०च्या इंधनटाक्यांतील रबरी पिशव्या साधारण दहा वर्षांनी आणि इंजिनाच्या झडपांची वेळ जुळवणारा पट्टा (टायमिंग बेल्ट) ठरावीक वर्षांनी, गाडी जागची हलली नसली तरी, बदलावे लागतात, गळती रोखणारी रबरी सीलही सुकतात. टायरच्या कडेवरील चार अंक उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतात, ते आधी वाचावेत. दुसऱ्या गाडीची बिलांची फाइल सलग असेल, तर यांत्रिकदृष्ट्या मला तीच अधिक भरवशाची वाटते.

सांगलीत यांपैकी एकही आणता येणार नाही, कारण तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करण्यास सर्वसाधारणपणे परवानगी नाही. (२०१९च्या पुरात कृष्णेचे पाणी कुठवर आले होते हे आठवले, तर त्याचे फारसे दुःखही वाटू नये.)

केवळ संग्रह आणि पुढील विक्री हा हेतू असेल, तर पहिली घ्यावी. दुबईला गेल्यावर स्वतः चालवायची असेल, तर दुसरी.