धुळ्यातला राज्यशास्त्राचा क्रॅश कोर्स: सुरुवात एकदम भारी, शेवट घाईत

१५ दिवसांची बॅच, फी ३५०० रुपये, सकाळी ७ ते ९. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण पुढे तक्रारी पण आहेत आणि सर माणूस म्हणून चांगले आहेत. मी गावाहून एसटीने यायचो, पहिली गाडी चुकली की अर्धं लेक्चर गेलंच समजा.

पहिल्या दिवशी वाटलं नेहमीसारख्या व्याख्या लिहून देतील, अमक्याच्या मते शासन म्हणजे हे, तमक्याच्या मते ते. पण सरांनी फळ्यावर नदी काढली, पांझरा, तिच्यावर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली चार तुकडे. म्हणे हे फड. आता वरच्या फडवाल्याने सगळं पाणी घेतलं तर खालच्याने काय करायचं? सगळे गप्प. मागून साक्रीकडचा एक जण बोलला, "सर, मंग पानी वाटाले मानूस लागस ना!" वर्ग हसला, सर म्हणाले झालं, इथेच सरकार जन्माला आलं, लिहून घ्या.

मग त्या एका चित्रावर दोन दिवस काढले आणि खरं सांगतो, तेवढ्यातच फी वसूल झाली. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, यंदा कुठल्या फडात कुठलं पीक ते शेतकऱ्यांनीच मिळून ठरवायचं, पाट साफ करायचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. इंग्रज यायच्या आधीपासून हे चालू, ना कलेक्टर ना जीआर. त्याच्यावरून सर कौटिल्याच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथातल्या मात्स्यन्यायावर आले, मोठा मासा लहान माशाला खातो म्हणून लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा द्यायचं कबूल केलं. मग विचारलं, पाटकरी कशासाठी ठेवला? रात्री पाण्यावरून डोकी फुटतील या भीतीने ठेवला असेल तर हॉब्ज (पुस्तक १६५१ चं). माझं पीक माझंच राहावं म्हणून ठेवला, आणि नीट वागला नाही तर काढून टाकू, तर लॉक. सगळ्यांचं मिळून जे भलं त्यासाठी असेल तर रूसो (पुस्तक १७६२ चं). राज्य लोकांच्या करारातून आलं म्हणणारे हे तिघं मी तीन वर्षं पाठ करतोय भाऊ, पण गोंधळ पहिल्यांदा गेला.

फक्त बलप्रयोग सिद्धांत (राज्य जबरदस्तीने, लढाईतून उभं राहतं) पाच मिनिटात उडवला, ते नाही पटलं. आपल्याच खान्देशात थाळनेरपासून सुरू झालेले फारुकी सुलतान १३८२ ते १६०१ राज्य करून गेले, मग अकबराने असीरगड घेतला, तो काय करार करून घेतला का? सगळीकडे फड नसतो.

आता नोट्स. झेरॉक्सची झेरॉक्स, काही पानं वाचताच येत नाहीत, आणि त्यात ॲरिस्टॉटलच्या तक्त्यात लोकशाही चांगल्या प्रकारात टाकलेली! त्याने एकाचं, थोड्यांचं, अनेकांचं राज्य असे भाग केले आणि प्रत्येकाचं चांगलं रूप अन् बिघडलेलं रूप सांगितलं. राजेशाही बिघडली की जुलूमशाही, अभिजनशाही बिघडली की मूठभरांची सत्ता, आणि अनेकांचं चांगलं राज्य म्हणजे पॉलिटी, ते बिघडलं की त्याच्या मते लोकशाही, म्हणजे गरीब बहुसंख्यांनी फक्त स्वतःपुरतं बघायचं. मी हात वर करून सांगितलं तर सरांनी लगेच पुस्तक उघडून बघितलं आणि सगळ्यांसमोर चूक मान्य केली, त्याचा एक स्टार जास्त. पण पुढच्या बॅचच्या मित्राने नोट्स दाखवल्या, तक्ता तसाच.

शेवटच्या चार दिवसांत मात्र गाडी सुसाट. संसदीय, अध्यक्षीय, एकात्म, संघराज्य सगळं पीपीटीवर. वाजपेयी सरकार १९९९ ला विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडलं आणि अमेरिकेत अध्यक्ष अशा ठरावाने पडत नाही, हे एक उदाहरण नीट फोडलं असतं तरी फरक डोक्यात बसला असता. फ्रान्सची १९५८ पासूनची मिश्र पद्धत (अध्यक्ष पण, संसदेला जबाबदार पंतप्रधान पण) एका स्लाइडवर, फोटो काढेपर्यंत गेली. परीक्षेत प्रश्न इथूनच येतात ना राव.

बाकी गाड्या लावायला जागा नाही, पंखा बोलतो सरांपेक्षा मोठ्याने, पावती मागितल्याशिवाय देत नाहीत. ५ पैकी साडेतीन. डेमो लेक्चर फुकट आहे आणि ते नदीवालंच असतं, तेवढं तरी बसून या, पुढच्या बाकावर बसा.