फ्लॉपी फॉरमॅट करायचीय? आधी ड्राइव्हची केबल बघा

आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सीएनसी मशीनला, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणाऱ्या यंत्राला, प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच द्यावा लागतो. गेल्या पावसाळ्यात एक फ्लॉपी विंडोजच्या फॉरमॅट कमांडला स्लॅश क्यू जोडून झटपट फॉरमॅट केली. फाईल कॉपीही झाली. मशीनने मात्र प्रोग्रॅम अर्ध्यात वाचणं सोडलं. तीच फ्लॉपी लिनक्सवर पूर्ण फॉरमॅट करायला घेतली, तेव्हा मधल्याच एका ट्रॅकवर पडताळणी अडकली. चकती तिथे खराब होती आणि झटपट फॉरमॅटने ते तपासलंच नव्हतं.

फॉरमॅट या एका शब्दात दोन कामं येतात. पहिलं, चकतीवर ट्रॅक (गोल पट्टे) आणि सेक्टर (त्या पट्ट्यांचे तुकडे) आखणं. दुसरं, त्यावर फाईल सिस्टिम, म्हणजे कोणती फाईल कुठे आहे याची नोंदव्यवस्था, मांडणं. 1.44 एमबीच्या फ्लॉपीला दोन बाजू, बाजूला 80 ट्रॅक, ट्रॅकला 18 सेक्टर, म्हणजे 512 बाइटचे एकूण 2880 सेक्टर. फाईल सिस्टिमला यातले किती लागतात? बूट सेक्टर एक, फॅटच्या (फाईलचे तुकडे कुठे आहेत त्याचा तक्ता) दोन प्रतींचे 18, मुख्य डिरेक्टरीचे 14, मिळून 33. सगळ्यांत बाहेरच्या ट्रॅकवर दोन्ही बाजू धरून 36 सेक्टर मावतात. म्हणजे झटपट फॉरमॅटचं सगळं काम त्या एकाच ट्रॅकवर संपतं, उरलेल्या 79 ट्रॅकना तो हात लावत नाही. ड्राइव्हजवळ कान नेला तर हे ऐकूही येतं. झटपट फॉरमॅटमध्ये हेड (चकती वाचणारा-लिहिणारा भाग) थोडं कुरकुरून गप्प होतं. पूर्ण फॉरमॅटमध्ये टक्, टक्, टक् असं एकेक पाऊल टाकत आतपर्यंत जातं, आणि मग पडताळणीसाठी पुन्हा पहिल्यापासून.

आता कमांड कोणती, हे आधी ड्राइव्ह कशी जोडलीय त्यावर ठरतं.

ड्राइव्ह जुन्या पीसीच्या आत असेल, 34 पिनांच्या चपट्या केबलने बोर्डाला जोडलेली असेल, तर लिनक्सवरची एफडीफॉरमॅट घ्या. ती ट्रॅक नव्याने आखते आणि लगेच पडताळून बघते. पहिल्यांदा वापरणारे हमखास एका गोष्टीला फसतात: ही कमांड फाईल सिस्टिम बनवत नाही. ती संपल्यावर मेकएफएस-फॅट किंवा एमटूल्स पॅकेजमधली एमफॉरमॅट चालवावी लागते, नाहीतर फ्लॉपी कोरीच राहते आणि मशीन ती ओळखत नाही. दोन कमांडचा हा त्रास मला तरी मान्य आहे, कारण कोणत्या टप्प्यावर बिघडलं ते स्वच्छ कळतं.

यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह असेल, आणि आज बहुतेकांकडे तीच असते, तर एफडीफॉरमॅटचा उपयोग नाही. ती थेट फ्लॉपी कंट्रोलरशी, म्हणजे बोर्डावरच्या ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपशी, बोलते, आणि यूएसबी ड्राइव्ह लिनक्सला पेन ड्राइव्हसारखी डिस्क म्हणून दिसते. इथे यूएफआयफॉरमॅट हवी. ती ड्राइव्हलाच हुकूम सोडते आणि आखणी ड्राइव्ह स्वतः करते. फाईल सिस्टिमसाठी त्यानंतर इथेही मेकएफएस-फॅट लागते. चालवण्याआधी डिव्हाइसचं नाव दोनदा वाचा. फ्लॉपीऐवजी दुसऱ्या डिस्कचं नाव मेकएफएस-फॅटला दिलं, तर त्या डिस्कवरची फाईल सिस्टिम गेली म्हणून समजा.

सुपरफॉरमॅट ही एफडीयूटिल्स पॅकेजमधली कमांड फक्त आतल्या ड्राइव्हसाठी आहे. ती ड्राइव्हच्या फिरण्याचा वेग मोजते, आखणी, पडताळणी आणि फाईल सिस्टिम एकाच फेरीत उरकते, आणि ट्रॅकला 18ऐवजी 21 सेक्टर बसवून जास्त जागाही काढून देते. जास्त जागेचा मोह मशीनसाठी टाळा. मशीनचा जुना कंट्रोलर ठरलेल्या मापाची फ्लॉपी मागतो.

विंडोजची फॉरमॅट कमांड वाईट नाही, फक्त स्लॅश क्यू लावू नका. फ्लॉपी चांगली आहे हे माहीत असेल आणि नुसती रिकामी करायची असेल, तेव्हाच तो पर्याय ठीक. जुन्या डॉसवर काम करत असाल तर स्लॅश यू द्या. डॉस 5 पासून साधी फॉरमॅट कमांड आधीची माहिती परत मिळावी म्हणून जपून ठेवते, स्लॅश यू दिल्यावरच सगळं पुसून नव्याने आखते.

720 केबीची फ्लॉपी मागणारी मशीनं हा वेगळाच विषय. विंडोज एक्सपीवर फॉरमॅटच्या खिडकीत 720 चा पर्याय दिसत नाही, पण कमांडला स्लॅश टी 80 (ट्रॅक) आणि स्लॅश एन 9 (ट्रॅकमधले सेक्टर) दिलं की काम होतं. लिनक्सवर एफडीफॉरमॅटला 720 चं डिव्हाइस द्यायचं, यूएफआयफॉरमॅटला आकार सांगायचा. यूएसबी ड्राइव्ह नकार देत असेल तर फ्लॉपीचे कोपरे बघा. राइट-प्रोटेक्टच्या (लिहिणं रोखणाऱ्या) खिडकीसमोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक असेल तर ती 1.44 ची चकती आहे. भोकावर चिकटपट्टी लावून ती 720 म्हणून चालवतात, पण दोन्ही चकत्यांचा चुंबकीय थर वेगळा असतो आणि असं लिहिलेलं टिकेल याचा भरवसा नाही. शक्यतो मूळ 720 चीच फ्लॉपी शोधा.

सोनीने 2011च्या मार्चमध्ये जपानमधली फ्लॉपीची विक्री बंद केली. आज हाती येणारा माल बहुतेक जुना साठा किंवा वापरलेला. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मशीनमध्ये जाणारी प्रत्येक फ्लॉपी पूर्ण आखणी आणि पडताळणीसह फॉरमॅट करा. यूएसबी ड्राइव्ह असेल तर यूएफआयफॉरमॅट, आतली असेल तर एफडीफॉरमॅट. एका फ्लॉपीला दोन-तीन मिनिटं जातात, ती जाऊ द्यावीत. पडताळणीत एकदा जरी ट्रॅक अडकला तरी ती फ्लॉपी मशीनसाठी बाद.

आणि फ्लॉपीत जुने प्रोग्रॅम असतील तर कुठल्याही कमांडआधी डीडीरेस्क्यू या खराब चकतीवरूनही माहिती उचलणाऱ्या कमांडने तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवा. झटपट फॉरमॅटनंतर फाईलमधला मजकूर चकतीवर बराचसा शिल्लक असतो, खटपट करून परत मिळू शकतो. ट्रॅक नव्याने आखले की तो गेला.