वंशशोधाची डीएनए चाचणी आणि जुनी दप्तरे : एका ग्राहकाचे परीक्षण

वंशशोधासाठीच्या डीएनए चाचण्यांची जाहिरात बहुतेक वेळा एका रंगीत नकाशाच्या आधारे केली जाते. नळीत थोडी लाळ भरून पाठवायची आणि काही आठवड्यांनी आपले पूर्वज जगाच्या कोणत्या भागांतून आले हे टक्केवारीत वाचायचे, असे तिचे आश्वासन असते. मी अशी चाचणी करून घेतली, तिच्या जोडीला जुन्या नोंदी पुरवणाऱ्या एका संकेतस्थळाची वर्गणीही भरली आणि दोन्ही सेवांचा मनापासून वापर केला. त्यातून बनलेले माझे मत असे आहे : ज्या टक्केवारीसाठी लोक पैसे मोजतात, ती या सेवेतील सर्वांत कच्ची बाब आहे. ज्या यादीकडे अनेक ग्राहक एकदा नजर टाकून पाठ फिरवतात, ती नातेवाइकांची यादी हा तिचा खरा ऐवज आहे. मात्र जुन्या कागदपत्रांचा आधार नसेल तर तो ऐवज हाती येऊनही उलगडत नाही.

नमुना देण्याच्या कामात अवघड असे काही नाही. अर्धा तास आधी खाणेपिणे टाळायचे, खुणेपर्यंत लाळ भरायची, झाकणातील द्रव तिच्यात मिसळेल अशा रीतीने नळी बंद करायची आणि पाकीट रवाना करायचे. काही कंपन्या लाळेऐवजी गालाच्या आतील बाजूस फिरवायचा बोळा देतात. वयस्कर व्यक्तींना पुरेशी लाळ जमवणे जड जाते, त्यांच्यासाठी हा दुसरा प्रकार सोयीचा आहे.

टक्केवारी कच्ची का, हे समजण्यासाठी ती कशी काढतात ते पाहावे लागते. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. या चाचण्या ती सगळी वाचत नाहीत. माणसामाणसांत फरक आढळतो अशी साधारण सहा ते सात लाख स्थाने तेवढी तपासली जातात. त्यानंतर त्या स्थानांवरील नमुन्याची तुलना कंपनीने जमवलेल्या संदर्भगटांशी होते. हे गट मुख्यतः आजच्या हयात लोकांचे असतात, ज्यांचे आजी-आजोबा एकाच प्रदेशातील असल्याची माहिती उपलब्ध आहे. म्हणजे चाचणी सांगते ते इतकेच, की आपले डीएनए आज कोणत्या प्रदेशातील लोकांच्या डीएनएशी अधिक जुळते. पाचशे वर्षांपूर्वी आपला पूर्वज कोठे राहत होता, याचे उत्तर त्यातून अंदाजानेच काढलेले असते. खंडाच्या पातळीवर हा अंदाज भरवशाचा ठरतो. शेजारच्या दोन प्रदेशांमधला फरक सांगताना तो डळमळतो, आणि ज्या समूहांतील फारच थोड्या लोकांनी नमुने दिले आहेत त्यांच्या बाबतीत तर तो फारच ढोबळ राहतो. कॅनडाच्या सीबीसी या प्रसारण संस्थेने २०१९ मध्ये एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांकडे पाठवले होते. दोघींचे डीएनए जवळजवळ तंतोतंत समान असूनही त्यांना मिळालेल्या टक्केवारीत तफावत आली, आणि कंपन्यांचे आपापसांतील निष्कर्षही जुळले नाहीत. माझ्याही अहवालातील एक प्रदेश पुढच्या सुधारित आवृत्तीत नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दुसराच आला. संदर्भगट वाढले की गणित बदलते, हे शास्त्रीयदृष्ट्या योग्यच आहे. परंतु पहिल्या अहवालात दशांशापर्यंतचा नेमकेपणा दाखवताना कंपनीने ही अनिश्चितता ठळकपणे सांगायला हवी होती.

आता नातेवाइकांच्या यादीविषयी, कारण या सेवेचे मोल तेथेच आहे. दोन व्यक्तींमध्ये सामाईक असलेल्या डीएनएच्या तुकड्यांची लांबी सेंटिमॉर्गन या एककात मोजली जाते. आई किंवा वडील आणि अपत्य यांच्यात ती सुमारे ३,४०० ते ३,७०० असते. सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांत सरासरी ८६६च्या आसपास, त्यांच्या पुढच्या पिढीतील भावंडांत, म्हणजे ज्यांचे पणजोबा-पणजी एक आहेत अशांत, सुमारे २२९, आणि आणखी एक पिढी मागे गेल्यास ७३च्या आसपास आढळते. या सरासऱ्यांच्या दोन्ही बाजूंना विस्तार मोठा आहे. एकच आकडा अनेक नात्यांना लागू पडू शकतो : १,७५० सेंटिमॉर्गनची जुळणी दिसली तर ती व्यक्ती आजोबा, काका, मावशी, पुतणी किंवा सावत्र भाऊ यांपैकी कोणीही असू शकते, आणि त्यांतले नेमके कोण हे वय व कागदपत्रे यांवरूनच ठरवावे लागते. मी वापरलेल्या सेवेच्या पडद्यावर मात्र संभाव्य नात्यांपैकी एकच नाते मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि बाकीच्या शक्यता एका छोट्या चिन्हामागे दडवलेल्या असतात. ज्याच्या आयुष्यात या उत्तराला वजन आहे त्याच्यासाठी ही मांडणी घातक आहे.

खापरपणजोबा समान असलेल्या भावंडांपैकी साधारण दहा टक्के जोड्यांमध्ये मोजता येण्याजोगे सामाईक डीएनए सापडतच नाही. त्यामुळे दूरच्या नातेवाइकाशी जुळणी न दिसणे हा नाते नसल्याचा पुरावा ठरत नाही. याच्या उलट, ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच विवाह झाले आहेत, तेथे अनेक दूरची नाती एकत्र जमून आकडा फुगतो आणि लांबचा माणूस जवळचा वाटू लागतो. आकडा वाचण्याआधी कुटुंबाचा इतिहास ठाऊक असावा लागतो, तो यासाठी.

यादी उलगडण्याचा मला सर्वांत उपयुक्त वाटलेला मार्ग म्हणजे लीड्स पद्धत. साधारण ९० ते ४०० सेंटिमॉर्गन जुळणाऱ्या व्यक्तींची नावे एका तक्त्यात उतरवायची आणि ज्या परस्परांशीही जुळतात त्यांना एकच रंग द्यायचा. अडचण नसेल तर चार रंगांचे चार गट पडतात आणि प्रत्येक गट चार आजी-आजोबांपैकी एकाच्या बाजूचा निघतो. त्या गटातील एका जरी व्यक्तीने आपली वंशावळ नीट भरलेली असेल, तर अख्ख्या शाखेचा धागा सापडतो. येथेच या सेवांची व्यापारी बाजू खुपते. माझ्या कंपनीने कोण कोणाशी जुळते हे दाखवणारी सामाईक जुळण्यांची सोय चाचणीच्या किमतीत न देता वेगळ्या वर्गणीमागे ठेवली आहे, आणि खरेदी करताना ही गोष्ट लहान अक्षरांतील अटींतच आढळते.

वाय गुणसूत्राची आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनएची चाचणी हा निराळा प्रकार आहे. फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी २००० सालापासून त्या करते. वाय गुणसूत्र पित्याकडून पुत्राकडे जाते, मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून सर्व अपत्यांकडे जाते. म्हणजे आजी-आजोबांच्याही दोन पिढ्या मागच्या सोळा पूर्वजांपैकी या दोन चाचण्या मिळून केवळ दोघांविषयी बोलतात. एखादा ठरावीक प्रश्न समोर असेल, उदाहरणार्थ एकाच आडनावाची दोन घराणी एका पुरुषापासून आली का, तर वायची चाचणी फार मोलाची आहे. केवळ कुतूहलापोटी तिच्यावर जादा खर्च करावा, असे मला वाटत नाही.

कागदांच्या बाजूला सर्वांत समाधान दिले ते फॅमिलीसर्च या संकेतस्थळाने, आणि ते पूर्णपणे विनामूल्य आहे. या संस्थेने १९३८ मध्ये जगभरातील नोंदवह्यांचे मायक्रोफिल्मवर चित्रण सुरू केले. सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरातील भांडारात जपलेल्या सुमारे २४ लाख रिळांचे डिजिटल रूपांतर २०२१ मध्ये पूर्ण झाले. एवढा साठा खुला असणे हे वंशशोध करणाऱ्या प्रत्येकावर उपकारच आहेत. यातील बऱ्याच नोंदी नावानुसार शोधता येत नाहीत, त्यांची पाने एकेक करून चाळावी लागतात. हे काम वेळखाऊ असले तरी ते टाळू नये. कारण शोधयंत्रात दिसते ती मूळ नोंद नसते, ते कोणीतरी, किंवा हल्ली संगणकाने, वाचून तयार केलेले टिपण असते. जुन्या वळणाच्या हस्ताक्षरातील नाव चुकीचे वाचले गेले की माणूस सूचीतून नाहीसा होतो आणि वहीत मात्र असतोच.

मूळ पान पाहिले तरी ते लिहिणाऱ्याचे नियम माहीत असणे आवश्यक आहे. इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत १५ वर्षांवरील व्यक्तींचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहिण्याची सूचना होती. तेथे ३५ लिहिलेला माणूस ३९ वर्षांचा असू शकतो. अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी जेथे होई, त्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यांनी आमचे आडनाव बदलले, अशी कथा हजारो कुटुंबांत सांगतात. प्रत्यक्षात प्रवाशांच्या याद्या जहाज सुटण्याच्या बंदरावर तयार होत आणि बेटावर त्या केवळ पडताळल्या जात. काही ठिकाणी तर दप्तरच उरलेले नाही. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधील आगीत आयर्लंडच्या शतकानुशतकांच्या नोंदी जळाल्या आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचा बहुतांश भाग १९२१ मधील वॉशिंग्टनच्या आगीत जळाला किंवा खराब झाला आणि उरलेलाही पुढे नष्ट केला गेला. अशा पोकळीवर डीएनएच्या जुळण्या खरोखर उपयोगी पडतात, कारण दप्तर जळाले तरी त्या घराण्याचे वंशज हयात असतात.

सशुल्क संकेतस्थळे इतर सभासदांच्या वंशावळींतून आपोआप सूचना पाठवतात. त्या सूचनांपासून सावध राहावे. एकाने पुराव्याविना जोडलेला पूर्वज दुसरा उतरवून घेतो, दुसऱ्याचा तिसरा घेतो, आणि शेवटी तीच चूक अनेक ठिकाणी दिसते म्हणून खरी वाटू लागते. मी ज्या वंशावळीला मूळ नोंदीचे छायाचित्र जोडलेले नाही, ती केवळ शोधाची दिशा म्हणून वापरतो.

जन्मनोंदीत पित्याचे जे नाव असते, ते लोकांनी सांगितलेले असते. डीएनए केवळ जैविक संबंध दाखवते आणि नाव सांगत नाही. दोन्ही एकमेकांसमोर ठेवले की कधीकधी ते जुळत नाहीत. दत्तकविधान, लपवलेले नाते, दात्याच्या साहाय्याने झालेला जन्म, अशी माहिती या यादीतून अचानक समोर येऊ शकते, आणि तिचे परिणाम चाचणी न केलेल्या हयात माणसांवरही होतात. नमुना देण्याआधी घरातील मंडळींशी बोलणे मला म्हणूनच बंधनकारक वाटते.

गोपनीयतेचा प्रश्नही एका माणसापुरता राहत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील जुन्या हत्यांच्या तपासात पोलिसांनी जेडमॅच या खुल्या संग्रहातील दूरच्या नातेवाइकांच्या जुळण्यांवरून आरोपी शोधला; आरोपीने स्वतः तेथे नमुना दिलेला नव्हता. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीची सुमारे १४ हजार खाती चोरीच्या पासवर्डांनी उघडली गेली आणि नातेवाईक जुळवण्याच्या सोयीमुळे जवळपास ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ग्राहकांच्या डीएनएची मालकी कोणाकडे जाणार हा प्रश्न उभा राहिला. फ्रान्समध्ये न्यायालयाच्या किंवा वैद्यकीय कारणाशिवाय अशी चाचणी करणे कायद्याने मना आहे. मी चाचणी घेऊ नये असे म्हणत नाही. मात्र खात्याला दुहेरी पडताळणी लावावी, संशोधनासाठीची संमती वाचूनच द्यावी आणि काम झाल्यावर लाळेचा नमुना नष्ट करण्याची विनंती नोंदवावी.

कंपनी निवडताना संग्रहाचा आकार पाहावा, कारण जुळणी होण्यासाठी समोरच्याने त्याच कंपनीत नमुना दिलेला असावा लागतो. ऍन्सेस्ट्रीकडे अडीच कोटींहून अधिक लोकांचे नमुने आहेत आणि ती कंपनी दुसरीकडे केलेल्या चाचणीची डीएनए फाईल स्वीकारत नाही. म्हणून तेथे चाचणी करून आपली कच्ची फाईल उतरवून घेणे आणि ती जेडमॅचसारख्या, बाहेरच्या फायली घेणाऱ्या संग्रहात चढवणे हा क्रम मला सर्वांत किफायतशीर वाटला. घरात एकाच चाचणीचा खर्च परवडणार असेल तर ती स्वतःची करू नये, हयात असलेल्या सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची करावी. प्रत्येक पिढीगणिक पूर्वजांच्या डीएनएचा निम्मा वाटा गळून पडतो, त्यामुळे आजीच्या नमुन्यात जी जुळणी ठसठशीत दिसते ती नातवाच्या नमुन्यात अनेकदा उरतच नाही. शिवाय नोंदवहीतील नावे पाहून त्यांतले कोण कोणाचे, हे सांगू शकणारी व्यक्तीही बहुधा तीच असते.