अलास्कातील मूसची शिकार आणि ‘मांसाच्या फेऱ्यां’चा हिशेब

अलास्कात गाइडशिवाय, राफ्टमधून, म्हणजे हवा भरून फुगवायच्या होडीतून, नदीच्या प्रवाहाबरोबर उतरत मूस या प्रचंड आकाराच्या हरणाची शिकार करण्याच्या सहली विकणाऱ्या एका व्यावसायिकाने आम्हा तिघांना कसे लुबाडले, त्याची ही हकिगत आहे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांत शिकारीचा परवाना बाळगणारे थोडे असले तरी आहेत, आणि हरणांचे काही हंगाम पदरी पडले की त्यांच्यापैकी अनेकांच्या मनात अलास्काचा विचार येऊ लागतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय संपल्यातच जमा झाला. इकडे शिकार राज्याच्या खात्याने आखून दिलेल्या हंगामात आणि मर्यादेत चालते. ज्यांना ती मुळातच अमान्य आहे त्यांच्याशी वाद घालण्याची ही जागा नव्हे. त्या व्यावसायिकाचे नाव देत नाही, कारण तक्रार जिथे करायची तिथे केलेली आहे, आणि ज्या रीतीने आमच्याकडून पैसे काढले गेले ती रीत उद्या दुसरे कोणीही वापरू शकेल.

मी मिनेसोटात राहतो. मूसची संख्या झपाट्याने घसरल्यामुळे या राज्याने २०१३ मध्ये मूसची शिकार बंद केली, तेव्हापासून इथल्या शिकाऱ्यांचे डोळे अलास्काकडे लागलेले असतात. तिथला नियम असा की, अन्य राज्यांतून येणाऱ्या अमेरिकी नागरिकाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढी आणि पहाडी बकरी यांच्यासाठी परवानाधारक गाइड सक्तीचा आहे, मूससाठी नाही. गाइड घेतला तर एका माणसाचा खर्च वीस हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, त्यामुळे मध्यमवर्गीय शिकाऱ्याला परवडणारा मार्ग उरतो तो असा: सप्टेंबरमध्ये पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने नदीच्या उगमाकडच्या एखाद्या तळ्यावर जायचे, राफ्ट फुगवायची, आठ-दहा दिवस प्रवाहाबरोबर खाली येत मुक्काम करत शिकार करायची आणि ठरलेल्या ठिकाणी विमानाची वाट पाहायची. आम्हाला विकली गेलेली सहल नेमकी हीच होती. विमान, राफ्ट, वल्ही, तंबू आणि ‘नियोजन’ एकत्र, माणशी साडेचार हजार डॉलर. निम्मी रक्कम आगाऊ क्रेडिट कार्डावर, उरलेली जाण्यापूर्वी बँकेतून वळती करायची.

पहिला फटका बसला तो आमच्या पुण्याच्या स्नेह्यांना. ते ग्रीन कार्डावर आहेत. फोनवर त्यांनी स्पष्ट विचारले होते की आपण नागरिक नाही, तर काही अडचण येईल का. त्यावर उत्तर मिळाले की मूसला गाइड लागत नाही, निर्धास्त या. पैसे भरून झाल्यावर परवान्यासाठी अर्ज करताना खरी परिस्थिती समोर आली. जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि अलास्काचा रहिवासीही नाही, त्याला तिथे कोणत्याही मोठ्या प्राण्याच्या शिकारीसाठी गाइड सोबत असणे बंधनकारक आहे, आणि मूस त्यात येतो. शुल्कही वेगळे आहे: बाहेरच्या नागरिकाला परवाना १६० आणि मूसचा टॅग (एका मूसच्या शिकारीसाठी वेगळा घ्यावा लागणारा बिल्ला) ८०० डॉलर, तर परदेशी नागरिकाला तेच ६३० आणि १००० डॉलर. वर्षानुवर्षे हाच धंदा करणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसणे शक्य नाही. रक्कम परत मागितली तेव्हा त्याने करारातील कलमावर बोट ठेवले, की कोणत्याही कारणास्तव आगाऊ रक्कम परत मिळणार नाही. आणि त्याच पत्रात ‘ओळखीचा’ एक गाइड वेगळ्या पैशांत सुचवला. स्नेह्यांनी तो नाकारला आणि बंदूक न घेता, फक्त वल्ही मारायला ते आमच्याबरोबर आले. आकारणी मात्र शिकाऱ्याच्याच दराने झाली. आपल्या लोकांत एच-वन व्हिसावरचे आणि ग्रीन कार्डावरचे लोक किती आहेत हे पाहता, हा एक परिच्छेद वाचून कोणी थांबले तरी चालेल.

दुसरी थाप नदीची. “त्या नदीवर यंदा फक्त तुमचीच तुकडी आहे,” असे आम्हाला ईमेलमध्ये लिहून दिले होते. तळ्यावर उतरलो तेव्हा काठावर दोन तंबू उभे होते. त्यांतील माणसे याच व्यावसायिकाची गिऱ्हाइके निघाली, आणि त्यांनाही शब्दशः तेच सांगितले होते. यात बिघडते काय, असे ज्याने ही शिकार केलेली नाही त्याला वाटेल. राफ्ट फक्त खालच्या दिशेने जाते. गेलेले वळण पुन्हा मिळत नाही. पुढची तुकडी ज्या ज्या वळणावर मुक्काम करून मूसला साद घालते, तिथले नर एक तर मारले जातात किंवा बुजून आत सरकतात, आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला विझलेली शेकोटी तेवढी येते. शिवाय विमानाने प्रवास केलेल्या दिवशी शिकार करता येत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच ती कायदेशीर ठरते. म्हणजे जो एक दिवस आधी उतरला त्याने एक दिवस आधीच नदी चाळलेली असते. त्यातही बाहेरच्या शिकाऱ्याला कोणताही नर चालत नाही. बहुतेक भागांत शिंगांचा पसारा किमान ५० इंच असावा लागतो, किंवा कपाळालगतच्या टोकांची संख्या एका बाजूला तीन किंवा चार, त्या त्या भागाच्या नियमाप्रमाणे, भरावी लागते. असे नर एका नदीवर मोजकेच असतात.

राफ्टबद्दल फार लिहीत नाही. शिवणींवर जुन्या ठिगळांचे थर होते, एका व्हॉल्व्हला झाकण नव्हते आणि दुरुस्तीच्या डबीतील डिंक दगडासारखा वाळलेला होता. रोज सकाळी हवा भरावी लागे. नदीवर आडवी पडलेली स्प्रूसची झाडे टाळताना अशा राफ्टवर भरवसा ठेवणे धोक्याचे असते, एवढेच नोंदवतो. खालच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट कळली. ‘सगळी सरकारी जमीन’ म्हणून जो काठ दाखवला होता, त्यातला बराच भाग १९७१ च्या कायद्याने मूळ रहिवाशांच्या ग्राम-महामंडळांना मिळालेला, म्हणजे खाजगी होता, आणि परवानगीशिवाय तिथे तंबू ठोकणे म्हणजे अतिक्रमण झाले असते. आम्ही पात्रातल्या गोट्यांच्या पट्ट्यांवरच मुक्काम केले.

खरी लूट शेवटी झाली, आणि ती समजून घ्यायची तर थोडे गणित पाहावे लागेल. अलास्कातील मोठा नर १२०० ते १६०० पौंड वजनाचा असतो आणि त्याचे हाडे काढलेले मांसच सुमारे ५०० पौंड भरते. कायद्याप्रमाणे पुढचे-मागचे फरे, बरगड्या, मान, छाती आणि पाठीचे मांस हे सगळे बाहेर आणलेच पाहिजे. काही भागांत तर फरे आणि बरगड्या हाडांसकट आणाव्या लागतात, आणि मांस हलवून झाल्याशिवाय शिंगे हलवता येत नाहीत. मांस टाकून येणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद आणि किमान अडीच हजार डॉलर दंड आहे. हा नियम योग्यच आहे आणि प्रत्येक शिकाऱ्याने तो मनापासून पाळावा. पण त्याचा एक परिणाम असा की, मूस पडल्यानंतर शिकाऱ्यापुढे पर्याय उरत नाही. मांस बाहेर जाणार, मग विमानाची किंमत कोणी काहीही सांगो. दुसरीकडे, या कामात वापरले जाणारे बीव्हर विमान एका फेरीत साधारण हजार पौंड वाहून नेते. तीन माणसे, ओली राफ्ट, तिची चौकट आणि तंबू-भांडी यांतच ते भरते. म्हणजे करारात “येण्याची एक आणि जाण्याची एक फेरी समाविष्ट” असे लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते की शिकार यशस्वी झाली तर जादा फेऱ्या लागणारच. आमच्या करारात त्या फेऱ्यांचा दर कुठेही नव्हता. तोंडी उत्तर होते की मांस तुमच्याबरोबरच येईल, त्याची काळजी नको.

माझ्या शेजाऱ्याने, जो जन्माने अमेरिकन आहे, मोसमाच्या उत्तरार्धात एक चांगला नर मारला. आम्ही मांस कापडी पिशव्यांत भरून, आडव्या दांडीला टांगून, वर ताडपत्री बांधून कोरडे ठेवले. विमान एक दिवस उशिरा आले. ढग खाली होते, वैमानिकाचा निर्णय बरोबर होता, आणि हवामानामुळे होणाऱ्या उशिराला कोणी फसवणूक समजू नये. मात्र विमानातून वैमानिकामागोमाग त्या व्यावसायिकाचा माणूस उतरला. त्याने स्प्रूसच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगला आणि एकेक पिशवी तोलून वहीत आकडे मांडायला सुरुवात केली. राफ्ट त्याने तळातले पाणी निथळू न देता तशीच तोलली. आम्ही ती उपडी करायला गेलो तर म्हणाला, वेळ नाही. मग खिशातून प्लॅस्टिकमध्ये मढवलेले दरपत्रक निघाले: मांसाची प्रत्येक फेरी १८०० डॉलर, फेऱ्या दोन, शिंगांचे वेगळे ४०० आणि ‘जादा वजना’चे वेगळे. पैसे फोनवरून लगेच वळते करा, सॅटेलाइट जोडणी माझ्याकडे आहे, नाहीतर आज फक्त माणसे जातील. पश्चिमेकडून पुन्हा ढग भरून येत होते. वैमानिक या सगळ्या वेळात विमानाच्या तरंड्यांवरून, म्हणजे ज्यांवर ते पाण्यात तरंगते त्या पायांवरून, फिरत पाण्याकडे पाहत होता.

मग त्या माणसाने दुसरी वाट सुचवली. मांस दुसऱ्याला देण्याचा एक अधिकृत फॉर्म अलास्कात असतो, आणि अनेक शिकारी आपले मांस गावकऱ्यांना या मार्गाने देतात. ती चांगली प्रथा आहे. याने मात्र नाव आणि वजन यांच्या जागा कोऱ्या ठेवलेला फॉर्म पुढे केला, आणि त्याला हवे होते ते फक्त मागचे फरे आणि पाठीचे मांस. मान आणि बरगड्या आमच्याच माथी राहिल्या असत्या, म्हणजे एक फेरी तरीही लागलीच असती. शिकारीचे मांस विकणे तिथे गुन्हा आहे, त्यामुळे कोऱ्या फॉर्मवर सही करणे आम्ही नाकारले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, या न्यायाने दोन्ही फेऱ्यांचे पैसे भरले.

गावात परतल्यावर आम्ही विमान कंपनीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी भिंतीवरचा दर दाखवला: त्याच तळापर्यंतची तीच फेरी आम्ही भरलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी दरात मिळत होती, आणि जादा वजन हा प्रकार त्यांच्या बिलात नव्हताच. म्हणजे विमान दुसऱ्याचे, वैमानिक दुसऱ्याचा, आणि वरची रक्कम मधल्याची. शिकाऱ्यांना रानात पोहोचवण्याचा आणि त्यांच्या राहण्याची सोय करण्याचा व्यवसाय करणाऱ्याला अलास्कात ‘ट्रान्सपोर्टर’ म्हणून बिग गेम कमर्शियल सर्व्हिसेस बोर्डाचा, म्हणजे शिकारीच्या व्यवसायांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळाचा, परवाना लागतो; नेहमीच्याच दराने इतर प्रवाशांबरोबर कधीमधी शिकारी नेणाऱ्या हवाई टॅक्सीला त्यातून सूट आहे. आमच्या माणसाकडे ना ट्रान्सपोर्टरचा परवाना होता ना गाइडचा. कागदोपत्री तो फक्त साहित्य भाड्याने देत होता.

हा परवाना राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून कोणालाही पाहता येतो, आणि पैसे देण्यापूर्वी तो पाहावा. त्याहून महत्त्वाचे, विमान कोणाचे हे विचारून त्या कंपनीला स्वतः फोन करावा. आत जाण्याचा, बाहेर येण्याचा आणि मांसाच्या जादा फेरीचा दर, एका फेरीत किती पौंड नेणार, शिंगे वेगळी मोजणार की नाही, आणि पैसे कोणाला द्यायचे, हे सगळे लेखी मागावे. शिंगे विमानाच्या बाहेर बांधण्यासाठी वेगळी मान्यता लागते, त्यामुळे त्यांचे शुल्क असणे हे स्वतःहून गैर नाही; ते आधी न सांगणे गैर आहे. राफ्ट भाड्याची असेल तर ती गावातच फुगवून रात्रभर ठेवावी. “तुमचीच तुकडी” असे कोणी म्हणाले तर त्याच आठवड्यात त्याने त्या नदीवर आणखी किती जणांना आरक्षण दिले आहे, हा प्रश्न विचारावा आणि उत्तर ईमेलने घ्यावे, कारण पुढे तक्रार करताना आमच्या हाती खात्रीने टिकला तो हाच एक कागद. सगळी रक्कम शक्यतो क्रेडिट कार्डावरच द्यावी.

आम्ही बोर्डाकडे आणि अलास्का वाइल्डलाइफ ट्रूपर्सकडे (वन्यजीवांचे कायदे राबवणाऱ्या राज्य पोलिसांकडे) कागदपत्रांसह तक्रार दिली आहे. दोन्हीकडून पोच आली, काही प्रश्न आले, त्यांची उत्तरे गेली. कार्ड कंपनीने स्नेह्यांची आगाऊ रक्कम, फोननंतर आलेल्या ईमेलमधील “तीन शिकारी, गाइडची गरज नाही” या वाक्याच्या आधारे, परत मिळवून दिली. बँकेतून वळत्या केलेल्या पैशांपैकी एक डॉलरही अजून आलेला नाही.