घडीचा लाईट बॉक्स आणि मॅक्रो क्लिप लेन्स: ८ महिने दागिन्यांचे फोटो काढून

मी कोल्हापूरची. हुपरीहून चांदीचे आणि चांदीवर सोन्याचं पाणी दिलेले दागिने आणून व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टावर विकते, ठुशी, नथ, साज, चिंचपेटी, जोडवी असं सगळं. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी दोन वस्तू ऑनलाईन मागवल्या, एक घडीचा लाईट बॉक्स, म्हणजे आत दिवे असलेली फोटो काढायची पेटी, ६९९ ला आणि एक मोबाईलला लावायची १५ एक्सची मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तू मोठी दाखवणारी, क्लिप लेन्स ५४९ ला. दोन्ही अशा कंपन्यांच्या की आज एका नावाने मिळतात आणि उद्या तीच वस्तू दुसऱ्या नावाने, त्यामुळे नावं लिहून काही उपयोग नाही, फोटो बघून ओळखाल. ग्रुपवर बऱ्याच ताया विचारतात घेऊ का घेऊ का, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी का घेतलं ते सांगते. नाशिकच्या एका ताईंनी ठुशी परत पाठवली होती. त्या म्हणाल्या, ताई फोटोत छान लालसर जुन्या सोन्यासारखी दिसत होती, ही तर पिवळी आहे. आणि त्यांचं बरोबर होतं. मी रात्री स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता आणि वर फोनने त्यात आपला रंग मिसळला होता. दोन्हीकडचं कुरिअर माझ्या खिशातून गेलं ते ठीक, पण त्या ताई परत कधी काही घेतील असं वाटत नाही. समोरची बाई दागिना हातात न घेता पैसे पाठवते, तिच्याकडे विश्वास ठेवायला तो फोटो सोडून दुसरं काहीच नसतं, म्हणून मला हा विषय एवढा जिव्हाळ्याचा आहे.

बॉक्सबद्दल. साधारण वीतभर उंच, घडी उघडून बटणं लावली की दोन मिनिटात तयार होतो, वर एलईडीच्या दोन पट्ट्या, मोबाईलच्या चार्जरवर चालतो, सोबत पांढरं, काळं आणि अजून चार रंगांचं प्लास्टिकचं बॅकग्राऊंड. पहिल्या दिवशी नथ ठेवली, फोटो काढला आणि खरं सांगायचं तर निराश झाले. नथीच्या प्रत्येक मोत्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग! वरच्या पट्टीतला एकेक एलईडी मोत्यात मोजता येत होता. गोल आणि चकचकीत वस्तू म्हणजे आरसाच असतो, समोर जे असेल ते दाखवणार, त्यात नथीचा दोष नाही आणि कॅमेऱ्याचा पण नाही.

उपाय साधा निघाला. केकसाठी मिळतो तो पांढरा बटर पेपर पट्ट्यांच्या खाली दोन बोटं अंतर सोडून ताणून चिकटवला, तर ठिपके गेले आणि त्याजागी एक मऊ पांढरी झळाळी आली. अंतर सोडायचंच हां, पट्टीला अगदी टेकवून लावला तर ठिपके तसेच राहतात. एका थराने भागलं नाही म्हणून मी दोन लावलेत. आता हे कंपनीने आधीच द्यायला काय हरकत होती? पंधरा-वीस रुपयाचा कागद. एक स्टार तिथेच कमी.

दुसरी गोष्ट उजेड कमी-जास्त करायच्या बटणाची. उजेड कमी केला की फोनच्या स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकायला लागतात, कारण स्वस्तातले एलईडी मंद होत नाहीत, भराभर चालू-बंद होतात, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. म्हणून मी उजेड कायम फुल ठेवते आणि जास्त वाटला तर अजून एक कागद. आणि घरातला ट्यूबलाईट-बल्ब बंद. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की सोनं एकीकडे केशरी आणि दुसरीकडे हिरवट दिसतं, चांदी तर निळीच पडते, आणि मग एडिटिंगमध्ये कितीही झटा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते.

ठुशीची मात्र कथा वेगळी, आणि ही मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नाही. ठुशीचे मणी बारीक, एकमेकाला चिकटून बसलेले, शंभराच्या वर सहज. कागद लावून फोटो काढला, ठिपके नाहीत, फोकस बरोबर, तरी दागिना काळवंडल्यासारखा दिसत होता. मला कळेना. सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या, त्यांनी चष्मा लावून स्क्रीन मोठी करून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, प्रत्येक मण्याच्या पोटात काळं काळं काय दिसतंय ते?" बघते तर काय, तो माझा फोन होता! काळ्या कव्हरचा फोन, धरलेला हात, सगळं प्रत्येक मण्यात इवलंसं उमटलेलं. मग घरात पडलेल्या एका लग्नपत्रिकेची मागची पांढरी बाजू घेतली, लेन्सएवढं भोक पाडलं आणि फोनच्या पुढे धरली, म्हणजे ठुशीला समोर फक्त पांढरं दिसेल. एका क्षणात मणी उजळले. तो पुठ्ठा अजून वापरते, त्याच्या कडा आता मऊ पडल्यात.

लेन्सकडे येते. हिच्याबद्दल माझं मत सरळ आहे, ज्या कामासाठी लोक घेतात त्या कामाला ही चालत नाही आणि ज्या कामाला चालते ते कोणी सांगत नाही. १५ एक्स म्हणजे दागिन्याच्या अगदी जवळ, दोन-अडीच सेंटीमीटरवर जावं लागतं. एवढ्या जवळ गेलं की फोनचीच सावली दागिन्यावर पडते आणि फोकस एका कागदाच्या जाडीएवढा राहतो. नथीचा पुढचा मोती अगदी लख्ख, त्याच्या मागची तार आणि गुलाबी खडा धुक्यात. कोल्हापुरी साज घ्या, त्यात २१ पानं, दशावताराची १०, अष्टमंगलाची ८, माणिक-पाचूची २ आणि १ ताईत, घेणारीला मासा-कासव वेगवेगळे ओळखू यायला हवेत, आणि ही लेन्स त्यातलं एखादं पान दाखवून बाकी साज पुसून टाकते. कडेला जांभळट रेघ येते ती वेगळीच.

शिवाय तीन कॅमेऱ्यांच्या फोनला लावताना क्लिप मुख्य कॅमेऱ्यावर बरोब्बर बसवायची, कव्हर काढायचं, आणि एवढं करूनही जवळ नेलं की फोन आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि स्क्रीनवर नुसता काळा गोल. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो मॅक्रो बंद करावं लागतं. बऱ्याच स्वस्त फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा वेगळा मॅक्रो कॅमेरा असतो, माझ्या जुन्या फोनला होता, त्याच्या नादाला लागू नका, मुख्य कॅमेऱ्याने लांबून काढून कापलेला फोटो त्याच्यापेक्षा स्वच्छ येतो.

आणि क्लोजअपचं खरं गुपित हेच, जवळ जायचं नाही, उलट मागे यायचं. मी दागिन्यापासून एक वीत, कधी दीड वीत लांब फोन ट्रायपॉडवर लावते, २ एक्स झूम करते, स्क्रीनवर दागिन्यावर बोट दाबून धरते म्हणजे फोकस लॉक होतो, मग स्क्रीनवर जी उजेड कमी-जास्त करायची रेघ येते ती सोन्यासाठी थोडी खाली ओढते नाहीतर चकाकी जळून पांढरी पडते आणि नक्षी दिसत नाही, आणि ३ सेकंदाचा टायमर लावून हात काढून घेते. बटण दाबताना जो धक्का बसतो तेवढ्याने बारीक नक्षी पुसट होते, हे मला फार उशिरा कळलं. लांबून काढलं की पुढून मागपर्यंत सगळं फोकसमध्ये राहतं, नथ वाकडी पण दिसत नाही. आजकालच्या फोनच्या फोटोत कापायला भरपूर जागा असते.

लेन्स मग कशाला? शिक्क्यासाठी! माझ्या चांदीवर ९२५ चा, म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेचा शिक्का असतो, आणि गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, आमच्या नात्यातल्यांचं सोन्याचं छोटं दुकान आहे, त्यांच्या सोन्यावर बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, २२ के ९१६ हा शुद्धतेचा आकडा आणि ६ अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा वेगळा ओळख नंबर. १ एप्रिल २०२३ पासून हा नंबर असल्याशिवाय दुकानदाराला हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही, पण तो लेझरने इतका बारीक कोरलेला असतो की नुसत्या डोळ्याने तीन आहे का आठ आहे कळत नाही. इथे ही लेन्स सोन्यासारखी कामाला आली. बॉक्समधली एक पट्टी कागदाने झाकायची, उजेड एकाच बाजूने आडवा येऊ द्यायचा, अक्षरांच्या कडेला सावली धरते आणि नंबर स्पष्ट वाचता येतो. गिऱ्हाईक तो नंबर बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून घरी बसून तपासतं. शिक्का सपाट असतो, म्हणून कागदाएवढा फोकस पण पुरतो.

बॉक्सच्या बाकीच्या तक्रारी पटापट. लांब मंगळसूत्र, मोहनमाळ यात मावत नाही, ठुशी-चिंचपेटीपर्यंत ठीक. प्लास्टिकचं पांढरं बॅकग्राऊंड स्वतःच चमकतं आणि घडीची रेघ जात नाही, मी त्याजागी ड्रॉइंगचा जाड कागद मागून पुढे उतरता लावला. काळ्यावर धुळीचा कण न कण दिसतो. दोन महिन्यात एका पट्टीचा चिकटपणा गेला, विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं नाही, शेवटी मीच टेपने बसवली.

तरी मी बॉक्स परत घेईन का? घेईन. खिडकीतला सकाळचा उजेड फुकट असतो आणि ऊन थेट येत नसेल तर तो या बॉक्सपेक्षा सुंदरच असतो, पण आमचा धंदा श्रावण ते दिवाळी, आणि कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीय, आठ-आठ दिवस दुपारी चारला घरात दिवा लावावा लागतो. गौरीच्या आधीच्या त्या आठवड्यात रात्री अकराला पोरं झोपल्यावर मी ४० नथींचे फोटो काढले आणि सगळ्यांचा रंग एकसारखा आला. हे खिडकीने झालं नसतं.

फोटो काढायच्या आधी दागिना मऊ कापडाने पुसा आणि नंतर कडेनेच धरा, क्लोजअपमध्ये बोटाचा ठसा दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना एचडी निवडा नाहीतर एवढी मेहनत दाबून बारीक होते. अ‍ॅमेझॉनवर टाकणार असाल तर पहिल्या फोटोला मागे शुद्ध पांढरं लागतं आणि वस्तूने ८५ टक्के जागा भरावी लागते, बॉक्समध्ये पांढरं थोडं राखाडीच येतं, ते एडिटिंगमध्ये उजळावं लागतं. फक्त मागचं उजळा, दागिन्याचा रंग हलवू नका. मी शेवटी दागिना स्क्रीनशेजारी हातात धरून दिवसाच्या उजेडात एकदा ताडून बघते आणि मगच पाठवते.

बॉक्सला ५ पैकी साडेतीन, बटर पेपर धरून चार. लेन्सला दोन, शिक्क्याचे फोटो लागत असतील तर साडेतीन. ज्यांना एकच घ्यायचंय त्यांनी लेन्सचे पैसे ट्रायपॉडला घाला. कोणाला पुठ्ठ्याला भोक कसं पाडलं ते बघायचं असेल तर विचारा, फोटो टाकते.